हिशोब घेतला

आमच्या घरात ‘नोकरी सोडली’ असं कोणी म्हणायचं नाही. ‘हिशोब घेतला’ म्हणायचे. लालबागच्या आमच्या चाळीत, नाक्यावरच्या हॉटेलात, खानावळीच्या पंगतीत हाच शब्द होता. माणूस गिरणीतून कायमचा बाहेर पडला की ऑफिसच्या खिडकीवर त्याचा राहिलेला पगार, फंड, जे काही देणं असेल ते मोजून त्याच्या हातावर ठेवत. तो सही करी किंवा अंगठा उठवी. गिरणीचं त्याच्याकडे काही नाही, त्याचं गिरणीकडे काही नाही. संध्याकाळी चाळीत बातमी फिरे, अमक्यानं हिशोब घेतला. ती ऐकताना बायकांचा आवाज उतरलेला असे. कोणी तरी वारल्याची बातमी सांगतात तसा.

आजी हा शब्द आजोबांच्या बाबतीत एकदाच वापरी. “पयल्या गिरणीचो तेंनी हिशोब घेतल्यानी,” एवढंच, आणि पुढे तांदूळ निवडू लागे. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. तिला विचारलं, दुसऱ्या गिरणीत पगार जास्त मिळत होता का? “नाय रे. दोन रुपये कमीच.” मग कशाला गेले? तिनं खडा बाजूला टाकला आणि म्हणाली, “तेंका इचार.”

आजोबांना विचारायला मला बरीच वर्षं लागली. पण तो प्रश्न तिथून जो मागे लागला तो सुटलेला नाही. माणूस एका जागी का टिकतो, का उठतो? पुढे मी स्वतः कारखान्यांच्या आणि कंपन्यांच्या ऑफिसांतून तीस वर्षं काढली. तिथे या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असे. जास्त पगाराची नोकरी लागली म्हणून गेला. आमच्या घरातल्या चार पिढ्यांच्या गोष्टी त्या उत्तरात बसत नाहीत, म्हणून त्या लिहून ठेवतो आहे.

पहिली गोष्ट पणजोबांची. ती आजोबांनी त्यांच्याकडून ऐकली आणि आम्हाला इतक्या वेळा सांगितली की मला ती पाहिल्यासारखी आठवते. देवगडच्या वरच्या अंगाला आमचं गाव. पणजोबा चौदाव्या-पंधराव्या वर्षी गलबतानं मुंबईला आले आणि एका सूतगिरणीत बॉबिनं उचलायला लागले. मुंबईत गिरण्या सुरू होऊन तेव्हा चाळीसेक वर्षं झाली होती. कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची पहिली गिरणी १८५६ साली चालू झाली होती. पणजोबांना पहिल्या महिन्यात पगार मिळालाच नाही. दुसरा महिना अर्धा उलटला तेव्हा पहिल्याचा मिळाला. तशी पद्धतच होती. महिनाभराच्या कामाचे पैसे पुढच्या महिन्याच्या मध्याला, कुठे कुठे त्याहूनही उशिरा. म्हणजे कामगाराचे महिना-दीड महिन्याचे पैसे कायम मालकाकडे अडकलेले. न सांगता निघून गेलास तर ते बुडाले. दोरी गळ्यात दिसत नसे, पण होती.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार जणांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारच्या सुट्टीची मागणी त्यातलीच, आणि ती १८९० मध्ये मान्य झाली म्हणून लोखंड्यांचं नाव आज रविवारशी जोडलेलं आहे. त्या अर्जात आणखी एक मागणी होती, तिची आठवण फारशी निघत नाही. गेल्या महिन्याचा पगार निदान पंधरा तारखेच्या आत द्या. पहिल्या तारखेला द्या असं मागायची सुद्धा सोय नव्हती. महिन्याचे पैसे पुढच्या सात-दहा दिवसांत चुकते झालेच पाहिजेत असा कायदा यायला १९३६ साल उजाडावं लागलं. मधली पन्नास वर्षं माणसं टिकली ती पुष्कळदा अशी, स्वतःच्याच पैशांच्या खुंटीला बांधलेली.

ती दोरी एकदा तुटली. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेगचे पहिले रोगी सापडले आणि पुढच्या काही महिन्यांत शहराची निम्म्याच्या जवळपास वस्ती पळाली. आमच्या घरात त्या सालाला ‘मरीचं साल’ म्हणतात. पणजोबांच्या खोलीतला एक माणूस सकाळी काखेत गाठ घेऊन उठला आणि तिसऱ्या दिवशी गेला. त्याच रात्री बाकीच्यांनी वळकट्या बांधल्या. पणजोबांचे सव्वा महिन्याचे पैसे गिरणीत राहिले. आजोबा सांगत, पणजोबांना त्या पैशांचं वाईट वाटलं ते गावी पोचल्यावर, आईनं विचारलं तेव्हा. बंदरावर ते आठवलेही नव्हते.

गिरण्यांची धोटी थांबली. मग जे इतकी वर्षं अशक्य म्हणून सांगितलं जात होतं ते आठवड्याभरात शक्य झालं. गिरण्या रोजच्या रोज, संध्याकाळी, रोख पैसे देऊ लागल्या. नाक्यानाक्यावर एका गिरणीचा माणूस दुसरीच्या वर भाव लावून माणसं उचलू लागला. मजुरांचा लिलाव झाल्याचं इतिहासात नोंदलेलं आहे. फरक इतकाच की बोली वाढत होती ती ज्याची बोली लागे त्याच्याच खिशात जाणार होती. पणजोबा पावसाळ्यानंतर परत आले ते या रोज रोख पैशांची बातमी ऐकून. तेव्हा लोखंडे नव्हते. प्लेगच्या रोग्यांची व्यवस्था करता करता त्यांनाच प्लेग झाला आणि ९ फेब्रुवारी १८९७ ला ते गेले.

पणजोबांनी त्या दोन वर्षांत किती गिरण्या बदलल्या त्याला मोजदाद नाही. आजोबा म्हणायचे, “तुझ्या पणजोबांना मी विचारलं, एवढ्या ठिकाणी फिरलात, बरं वाटलं का? तर म्हणाले, पैसे बरे होते. पण संध्याकाळी दारातून बाहेर पडलं की आत आपलं काहीच राहिलेलं नसायचं.” प्लेग ओसरला तशी रोखीची पद्धतही गेली, पगार पुन्हा अडकू लागला, आणि पणजोबा एका गिरणीत स्थिरावले.

आजोबा १९३० च्या सुमारास मुंबईत आले, सोळा वर्षांचे. ते आले गावाच्या खोलीवर. डिलाईल रोडवरच्या एका चाळीत आमच्या वाडीची खोली होती, दहा बाय बारा. तिच्यात पंचवीस-तीस माणसं राहत. राहत म्हणजे पाळीपाळीनं झोपत. दिवसपाळीवाले उठले की रातपाळीवाले त्याच चटयांवर. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीवर एक खुंटी. त्या खुंटीबद्दल आजोबा जितक्या आदरानं बोलत तितक्या आदरानं ते देवाबद्दलही बोलत नसत. माणूस गावी गेला, शिमग्याला, लावणीला, कोणाच्या तेराव्याला, दोन दोन महिने गेला, तरी त्याच्या खुंटीवर दुसऱ्या कोणी सदरा अडकवायचा नाही. खोलीत पाय ठेवायला जागा नसे, ओल्या पंच्यांची दाटी असे, पण ती खुंटी मोकळी. गेलेल्यालाही भाड्याचा वाटा द्यावा लागे, आणि तो देई. आला की आधी टोपी खुंटीवर अडकवी, मग पाणी मागे.

गिरणीत अशी खुंटी नव्हती. तिथे होता जॉबर. कामावर घेणारा तो, काढणारा तो, अडीनडीला व्याजानं पैसे देणारा तो, आणि नेमणुकीची दस्तुरी खाणाराही तोच. आजोबांच्या खात्याचा जॉबर शेजारच्या गावचा होता. त्याचं मालकाशी भांडण झालं आणि तो दुसऱ्या गिरणीत गेला तेव्हा त्याच्याबरोबर एका दिवसात वीसेक माणसं गेली. ऑफिसातल्या साहेबांना वाटलं कामगार फितवले. कामगारांच्या मनात गिरणी सोडल्याची भावनाच नव्हती. त्यांची नोकरी त्या माणसाकडे होती, आणि तो माणूस चालता झाला होता.

कायम नसलेला तो बदली. सकाळी भोंग्याच्या आधी दारावर उभं राहायचं. कोणाचा खाडा पडला तर त्याच्या जागी आत, नाहीतर परत खोलीवर. आजोबा असे किती सकाळी परत आले ते सांगताना बोटांनी हवेत शून्य काढीत. १९३५ मध्ये मालकसंघानं बदलीसाठी कार्डं काढली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक लोकांना कार्ड, त्यांनीच रोज येऊन उभं राहायचं. जॉबरची मनमानी थोडी कमी झाली, पण उभं राहणं तेच राहिलं. बदलीची एक गोष्ट आजोबांना आयुष्यभर खुपली. दुसऱ्याच्या घरी कोणी आजारी पडलं, वारलं, की आपल्याला काम. “दारात उभं राहून मनात यायचं, आज कोणी तरी येऊ नये,” असं ते म्हणत आणि गप्प होत.

१९३८ मध्ये ते साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, कायम झाले. दोन साचे त्यांच्या हाती आले. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि तिचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायचं. दिवसातून कितीदा याला गणतीच नाही. सुताबरोबर कापसाची धूळ घशात जाई. आजोबांच्या पुढच्या दातांना त्या ओढण्यानं बारीक खाच पडली होती. मी लहानपणी ती बोटानं चाचपून बघत असे. तुटलेली तार फणीतून ओवायला एक चपटा हूक लागे. त्यांच्या हुकाची लाकडी मूठ अंगठ्याच्या आकाराची झिजली होती, दुसऱ्याच्या हातात ती बसायचीच नाही.

त्या तोंडानं ओढायच्या सुतापाशी मात्र आमच्या गोष्टींमध्ये एक लाजेची जागा येते आणि ती मी टाळणार नाही. उष्ट्या धोट्याला शिवाशीव होईल म्हणून साचेखात्यात अस्पृश्यांना घेत नसत. विणकाम हे जास्त पगाराचं काम. ते त्यांना बंद, त्यांनी सूतखात्यात कमी पगारावर राबायचं. १९२८ च्या सहा महिन्यांच्या मोठ्या संपात दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते आणि मागण्यांची यादी लांबलचक होती; त्यात साचेखातं अस्पृश्यांनाही खुलं करा ही मागणी घ्या म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आग्रह धरावा लागला. कोण टिकतो, कोण सोडतो याची चर्चा करताना आपण धरून चालतो की आत यायची मुभा सगळ्यांना सारखीच होती. ती नव्हती. आणि ती रोखून धरणारे फक्त मालक नव्हते, शेजारच्या साच्यावर उभे असलेले आमचेच लोक होते. आजोबांनी हे माझ्याजवळ कबूल केलं, ऐंशीच्या घरात असताना. “आम्ही काही बोललो नाही,” म्हणाले. त्यांच्या तोंडून त्याआधी आणि त्यानंतर एवढं जड वाक्य मी ऐकलेलं नाही.

आजीची गोष्टही जागेचीच आहे, पण ती तिनं कधी गोष्ट म्हणून सांगितली नाही. ती लग्नानंतर रिळाच्या खात्यात कामाला जाई. त्या काळात गिरण्यांत पाच कामगारांत एक बाई असे. १९२९ च्या मुंबई कायद्यानं बाळंतपणाचा भत्ता मिळू लागला होता. १९४० मध्ये माझे बाबा झाले, तिला भत्ता मिळाला, आणि बाळ अंगावर घेऊन ती परत गेली तेव्हा तिच्या रिळावर दुसरी बाई नव्हती, रीळच नव्हतं. खातं आवरतं घेतलं होतं. पुढे सगळ्याच गिरण्यांतून बायका कमी कमी होत गेल्या. सुधारणा म्हणून नवी यंत्रं आली की आधी त्यांची खाती मिटत. आजीनं नंतर खानावळ चालवली, बारा डबे, जागरणात पोळ्या. तिला कोणी विचारलं, तुम्ही गिरणी का सोडली, तर ती उत्तर देत नसे. प्रश्नच चुकीचा होता.

आता आजोबांचा हिशोब. १९४६ चा मे. ते गावी गेले, रजा सांगून, पंधरा दिवसांची. जूनच्या सुरुवातीला त्यांचा थोरला भाऊ तापानं गेला. पेरणी तोंडावर, घरात दोन लहान पुतणे आणि म्हातारी आई. आणि पाऊस लागला की कोकणच्या बंदरांतल्या बोटी बंद. समुद्र शांत होईपर्यंत, नारळी पौर्णिमेपर्यंत, वाट बघायची. घाट चढून कोल्हापूरमार्गे गाडी गाठता आली असती, पण मागे नांगर कोणाच्या हातात द्यायचा? त्यांनी पोस्टकार्ड टाकलं. ते गिरणीत पोचलं, हे नंतर कळलं. पहिल्या बोटीनं ते परत आले, खोलीवर टोपी खुंटीला अडकवली आणि दुसऱ्या दिवशी भोंग्याला गिरणीत. त्यांच्या दोन साच्यांवर दुसरा माणूस होता. खात्याच्या मास्तरनं सांगितलं, कार्ड घे, बदलीत उभा राहा. आठ वर्षं कायम असलेला माणूस, पुन्हा दारावर.

आजोबा तसे शांत. पण तिथे त्यांनी सगळ्या खात्यासमोर विचारलं, “माणूस गावाक गेलो म्हणजे काय मेलो?”

मास्तरला मालवणी कळली नसेल. आजोबांनी हूक खिशात टाकला आणि ऑफिसच्या खिडकीवर गेले.

दोन रुपये कमी पगाराची दुसरी गिरणी दोन गल्ल्या सोडून होती. तिथे ते एकोणतीस वर्षं राहिले, निवृत्तीपर्यंत. का राहिले, तर लागल्यानंतर दुसऱ्याच वर्षी आई गेली म्हणून त्यांना गावी जावं लागलं, पावणेदोन महिने. परत येताना बोटीत त्यांना झोप नव्हती. खात्यात गेले तर त्यांचे साचे एका बदलीवाल्याच्या हाती होते. त्यानं साचे पुसून ठेवलेले, आणि हूक, घाईत साच्यावरच राहिलेला त्यांचा हूक, जिथे होता तिथेच, तेलाचा हात फिरवलेला. बदलीवाला म्हणाला, जॉबरनं सांगितलं होतं, हे तात्यांचं आहे, हलवू नकोस. एवढंच. आजोबा हे सांगताना दरवेळी ‘तेलाचा हात’ या शब्दांवर थांबत. त्या जॉबरनं त्यांच्याकडून दस्तुरी घेतली होती, तो काही साधू नव्हता. पण त्यानं जागा राखली.

सरकारनं नेमलेल्या व्हिटली कमिशननं १९३१ मध्ये लिहून ठेवलं की हा कामगार गावातून ढकलला गेलेला आहे, शहरानं ओढलेला नाही; गावात पोटभर मिळालं तर तो कारखान्यात राहणार नाही. मालकांना यात खाडा दिसला, बेभरवशाचा माणूस दिसला. मला वाटतं आजोबांसारख्यांना बेभरवशाचं म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट नजरेआड केली. ती माणसं परत येत होती. शंभर कोस जाऊन, नांगर धरून, माणूस पोचवून, पहिल्या बोटीनं परत येत होती. आणि गाव होतं म्हणूनच १९२८ चे सहा महिने निघाले. भात संपलं नाही तोवर संप चालला.

सगळ्याच मालकांनी मात्र खाड्याकडे तसं पाहिलं नाही. नागपूरच्या एम्प्रेस मिलची गोष्ट मला सासऱ्यांकडून कळली. त्यांचं घर जुम्मा तलावाच्या बाजूचं आणि त्यांच्या घरातली माणसं तिथे कामाला. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं त्या दिवशी, जमशेटजी टाटांनी ती चालू केली, म्हणून ते नाव. गिरणी झाली पण माणसं येईनात. मुंबईत शंभरातले आठ-दहा गैरहजर असत, तिथे वीस. चार पैसे साठले की माणूस घरी, संपले की पुन्हा हजर. दंड करणं सोपं होतं. टाटा आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी दुसरी वाट धरली. १८८६ मध्ये पेन्शन फंड, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. बक्षिसांचा समारंभ, त्यात सोन्याची घड्याळं, साखळ्या, कापड. सासरे सांगत, घड्याळापेक्षा घरी चर्चा पेन्शनची होई, कारण कामाला हात उरणार नाही त्या दिवसाचाही कोणी आधीच विचार केला होता. हळूहळू माणसं टिकली. दावणीला बांधायचा फंड आणि उद्याची जागा राखणारा फंड, दिसायला दोन्ही फंडच. कामगाराला फरक कळतो.

बाबा १९५८ मध्ये आजोबांच्याच गिरणीत बदली लागले आणि अकरा वर्षांनी कायम झाले. आजोबा निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी हूक बाबांना दिला. बाबांच्या अंगठ्याला तो बसत नसे, तरी त्यांनी तो गिरणीतल्या कपाटात ठेवला, चहाचा पेला, फडकं आणि गणपतीच्या तसबिरीजवळ.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. अडीच लाख माणसं, साठच्या आसपास गिरण्या, डॉ. दत्ता सामंत. पगारवाढ, बदलीवाल्यांना कायम करणं, आणि १९४६ च्या कायद्यानं एकाच युनियनला दिलेली मान्यता रद्द करणं, या मागण्या सगळ्यांना पाठ होत्या. बाबा म्हणाले, महिनाभराचा प्रश्न आहे. पहिला महिना पत्ते, दुसरा पतपेढी, तिसऱ्यात आईच्या पाटल्या. शिमग्याला आम्ही सगळे गावी गेलो आणि मी त्या वर्षी शाळा गावात पुरी केली. त्या काळात चाळीतले काहीजण रात्री पोलिसांच्या गाडीतून कामावर जाऊ लागले. त्यांच्याशी कोणी बोलत नसे. बाबा मात्र त्यांच्या पोरांना खेळायला बोलवत. “त्याच्या घरात काय आहे ते मला माहीत आहे,” म्हणत.

तो संप कोणी रीतसर मागे घेतलाच नाही. नुसता विरला. म्हणून आमच्या घरात एक विचित्र गोष्ट घडली, बाबांनी नोकरी कधी सोडली नाही आणि त्यांना कोणी काढलंही नाही. ते भिवंडीला एका यंत्रमागावर रोजानं जाऊ लागले, नंतर एका इमारतीवर वॉचमन. पण विचारलं की सांगत, “मी साचेखात्यात आहे.” आहे, होतो नव्हे. पगाराची वही, ईएसआयचं कार्ड, हजेरीचा पास, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत. हिशोब घ्यायला बोलावणं आलं ते सोळा वर्षांनी, गिरणी बंद झाल्यावर. मी बरोबर गेलो होतो. एका पत्र्याच्या खोलीत टेबल, त्यावर याद्या. कारकुनानं सही कुठे करायची ते दाखवलं. बाबांनी पैशांचं काही विचारलं नाही. म्हणाले, “माझ्या कपाटात सामान होतं. एक हूक आहे, माझ्या वडिलांचा.” कारकुनानं मान वर केली. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाला, काका, ते सगळं केव्हाच भंगारात गेलं.

परत येताना बाबांनी नाक्यावर चहा घेतला नाही.

माझी गोष्ट लहान आहे. २००५ मध्ये बाबा हॉस्पिटलात होते, सहा आठवडे. मी रजा घेऊन त्यांच्याजवळ होतो, रजा मंजूर होती. परत कामावर गेलो तर माझ्या टेबलावर दुसरा मुलगा बसला होता आणि माझ्या खणातलं सामान एका खोक्यात भरून झेरॉक्सच्या मशीनखाली ठेवलेलं होतं. मला खिडकीशेजारचं एक रिकामं टेबल दाखवलं गेलं, काम हळूहळू देऊ असं सांगितलं. कोणी अपमान केला नाही. पगार तोच होता. मी संध्याकाळी घरी येऊन राजीनामा लिहिला.

बाबा पलंगावर उशी टेकून बसले होते. कागद वाचून त्यांनी विचारलं, किती वर्षं झाली? साडेचार. “मग सहा महिने थांब,” म्हणाले. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं सलग लागतात, १९७२ चा कायदा, तो त्यांना कलमासकट पाठ. मी म्हणालो, बाबा, पैशांसाठी तिथे बसवणार नाही मला. ते म्हणाले, “पैशांसाठी नको. तुझे आहेत म्हणून.”

मी थांबलो. सहा महिने वेळेवर गेलो, वेळेवर आलो, सांगितलेलं सगळं काम केलं, आणि त्या जागेला एका दिवसासाठीही माझी म्हटलं नाही. पणजोबांचा अडकलेला पगार मला त्या सहा महिन्यांत कळला. शेवटच्या दिवशी चेक घेऊन घरी आलो. बाबांनी चष्मा लावला, पेन्सिल मागवली आणि कालनिर्णयच्या पाठीवर गणित मांडलं. पंधरा दिवसांचा पगार, गुणिले पाच. “सव्वीसनं भागलंय ना? तिसानं भागतात आणि फसवतात.” सव्वीसनंच भागलं होतं. त्यांनी दोनदा ताळा केला.

मग चेक बाजूला ठेवून त्यांनी माझ्या बॅगेकडे पाहिलं.

“सामान आणलंस सगळं?”

मी बॅग त्यांच्याजवळ ठेवली. त्यांनी एकेक वस्तू काढून चादरीवर मांडली. कप, कात्री, पट्टी, स्टेपलर, आईनं दिलेली छोटी गणपतीची तसबीर. स्टेपलर उचलून म्हणाले, हा तुझाच ना? ऑफिसचा नाही ना? माझाच होता. त्यांनी तो परत ओळीत ठेवला आणि बॅगेचे सगळे कप्पे एकदा चाचपून पाहिले.